भूत सुटले, सून अडकली

‘भूत दाखवू नका, मन दाखवा,’ हा सल्ला मराठी भयकथेला फार दिवसांपासून मिळतो आहे, आणि देणारी माणसे सहसा भली असतात. सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या वस्तीत तो जरा वरच्या पट्टीत ऐकू येतो. भिंतीला भिंत लागलेली जुनी घरे, एका घरातले भांडण शेजारच्या दोन घरांत पोहोचणार, मराठीत सुरू झालेले बोलणे मध्येच कानडीत शिरणार, आणि नात्यांचा सोस इतका की 1885 पासून बसत असल्याचे सांगतात त्या इथल्या मानाच्या गणपतीलाही लोक ‘आजोबा’ म्हणतात. अशा पेठेतल्या वाचत्या माणसाने अंगात येणे, बाहेरचे लागणे, देवऋषी, उतारा हे सगळे लहानपणी जवळून पाहिलेले असते. मोठेपणी त्याला त्याचा वीट येतो. मग तो म्हणतो, घाबरवायचेच असेल तर घरातल्या माणसाच्या सुप्त मनात शिरा, आणि शेवटी नीट सांगा की भूतबीत काही नव्हते, सगळा मनाचा खेळ होता.

वीट येणे रास्त आहे. उपाय मात्र चुकला आहे. भुताच्या जागी सुप्त मन बसवले की कथा आपोआप शहाणी होते, हा समज जरा तपासला की ढासळतो. बहुतेक वेळा घडते ते असे: भूत सुटते आणि घरातली सून अडकते.

या प्रकारच्या कथेचा ठरलेला शेवट आठवून पाहावा. जुने घर. रात्री पावले वाजतात, देव्हाऱ्यातला दिवा विझतो, कुणाची तरी साडी माजघरातून सरकत जाते. मग शहरातून डॉक्टर येतात. शेवटच्या दहा मिनिटांत ते घरच्यांना बैठकीत बसवून समजावतात की ही दुभंग व्यक्तिमत्त्वाची केस आहे, लहानपणीचा धक्का मनाच्या तळाशी बसला होता, त्यानेच हे सगळे घडवले. सासू डोळ्याला पदर लावते, नवरा सुस्कारा सोडतो, दीर पाणी आणायला धावतो. धक्का कोणी दिला, इतकी वर्षे ती बाई कोणाशी बोलत होती, घरात तिचे ऐकून घेणारे कोण होते, यातले काहीही डॉक्टर विचारत नाहीत. ते निदान देतात आणि निघून जातात. मांत्रिकही हेच करत असे. फक्त त्याचे पैसे आधी द्यावे लागत.

जुन्या भुतांची बाजू इथे घ्यावीच लागेल. मराठी मुलखातल्या भुतांची यादी नीट पाहिली तर ती घराण्यांच्या थकबाकीची वही वाटते. अळवंतीण कोण? बाळंतपणात किंवा गरोदरपणी मेलेली बाई. मुंजा कोण? मुंज झाली, पण लग्नाआधीच गेला तो मुलगा. समंध कोण? वासना मागे ठेवून, वारस न ठेवता मेलेला, पुरलेल्या धनापाशी घोटाळणारा. प्रत्येकाची काहीतरी तक्रार आहे, आणि ती तक्रार घराकडे आहे. बाळंतिणीला वेळेवर कोणी पाहिले नाही, मुलाकडे दुर्लक्ष झाले, वाटणीत कोणाचा तरी हक्क बुडाला. भूत खोटे असेल, खोटेच आहे; पण त्याचा आरोप बहुधा खरा असे. नव्या ‘मानसशास्त्रीय’ उलगड्यात आरोपच उरत नाही, उरते ते फक्त रुग्णाचे नाव.

हिचकॉकच्या ‘सायको’पासून (1960) ही रीत जगभर पसरली. त्यात शेवटी एक मनोविकारतज्ज्ञ पोलीस ठाण्यात उभा राहून सगळे प्रकरण उलगडून सांगतो. नक्कल करणाऱ्यांनी ते भाषण तेवढे उचलले. भाषणानंतर हिचकॉक कॅमेरा पुन्हा खुनी नॉर्मनच्या चेहऱ्यावर नेतो आणि आताच ऐकलेले सगळे स्पष्टीकरण अपुरे पडते, हे त्यांच्या नजरेतून सुटले. मल्याळममधला ‘मणिचित्रताळु’ (1993) आणि त्यावरून आलेला हिंदी ‘भूल भुलैया’ (2007) तर आणखी गमतीचे आहेत. तिथे डॉक्टर सांगतो की हा आजार आहे आणि उपचार म्हणून भूत उतरवण्याचाच देखावा उभा करतो, मंत्र म्हणणाऱ्याला हाताशी धरून. मांत्रिक आणि डॉक्टर यांच्यातले अंतर त्या दृश्यात नावापुरते राहते. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) भुताच्या दंतकथेपासून मनोविकारापर्यंतच्या याच वाटेने गेला होता. आशा काळे आणि काशीनाथ घाणेकर यांचा तो चित्रपट लोकांना गाण्यांसाठी आठवतो, हे काही अगदीच अकारण नसावे.

‘मन दाखवा’ म्हणणाऱ्यांना खरोखरीचे मन पाहायचे असेल तर सोलापुराहून लांब जायची गरज नाही. मराठवाडा आणि त्याला लागून असलेला कर्नाटक-तेलंगणाचा पट्टा हा भानामतीचा मुलूख. पेटीत घडी करून ठेवलेले कपडे पेटतात. छपरावर दगड पडतात. अन्नात घाण सापडते. अंगावर, कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. डोळ्यांतून खडे निघतात. बाया कुत्र्यासारख्या भुंकू लागतात. एखाद्या भयकथाकाराने हे सगळे एकाच घरात घातले तर संपादक म्हणेल, जरा आवरते घ्या. इथल्या घरांनी मात्र हे सोसले आहे. त्यापायी जागरणे केली, कर्ज काढून देवऋषी आणले, शेजाऱ्यांवर संशय घेतला आणि त्या संशयापोटी माणसांना मारहाणही केली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि 1989 पासून त्यांच्यासोबत काम करणाऱ्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणे हाताळली. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. कार्यकर्ते घरी जातात, घर आणि वस्तू तपासतात, प्रत्येक माणसाशी वेगवेगळे बसून बोलतात. प्रकार कधी घडतात, त्या वेळी कोण कुठे असते, कोणाच्या वस्तूंना धक्का लागत नाही, हे मांडत गेले की करणारे माणूस घरातलेच निघते. बहुधा ते घरातले सगळ्यात दुबळे माणूस असते: नको असलेले लग्न समोर ठाकलेली मुलगी, शाळा सुटलेला पोर, माहेरी जाऊ न दिलेली सून. कधी ते जाणूनबुजून केलेले असते, कधी अर्धवट भानात, कधी करणाऱ्यालाच नीट आठवत नाही. ‘सुप्त मन’ हा शब्द वापरायचाच तर तो इथे शोभतो.

आणि इथे समितीचा एक दंडक आहे, जो मानसशास्त्रीय भयकथेच्या प्रत्येक लेखकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा: त्या माणसाचे नाव जाहीर करायचे नाही. गावाला नाही, पत्रकारांना नाही. त्या व्यक्तीला एकांतात समजावतात, घरच्यांना ताण कमी करायला सांगतात, गरज असेल तर डॉक्टरांकडे पाठवतात. प्रकार थांबतात. गाव विचारते, ‘कोण होते?’ उत्तर मिळत नाही. कारण उघड आहे. नाव फुटले तर त्या पोरीचे त्या घरात काय होईल हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही.

आता शेजारी आपली ‘शहाणी’ भयकथा ठेवा. तिचा सगळा डोलारा नाव फोडण्यावर उभा असतो. ‘ती होती!’ हाच तिचा कळस. ज्या क्षणी कार्यकर्ता तोंड बंद ठेवतो, नेमक्या त्याच क्षणी लेखक बोट दाखवतो आणि टाळ्या घेतो. विवेकाची बाजू घेतल्याचे समाधान मात्र दोघांना सारखेच मिळते, ही हिशेबातली मोठी चूक आहे.

यावर ठरलेला बचाव असा की आजार हा आजार असतो, त्याला नाव दिल्याने समाजात जागृती होते. जागृती कशी होते याचा नमुना मराठीत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (2004) स्किझोफ्रेनियावर आहे. शेषची भूमिका अतुल कुलकर्णी यांची. ते सोलापुरात वाढले आणि इथल्या हौशी रंगभूमीवर घडले, म्हणून पेठेला त्यांचे कौतुक जरा जास्त. त्यात आजाराचे नाव लपवलेले नाही, पण ते शेवटी पत्ता फेकल्यासारखे टाकलेलेही नाही. शेषला आवाज ऐकू येतात, तो घाबरतो. आणि त्याच वेळी बहीण थकते, चिडते, तिच्या संसारावर ओझे येते, हे चित्रपट तितक्याच लक्षपूर्वक पाहतो. आजार कळावा म्हणून केलेली कलाकृती रुग्णाच्या बाजूने उभी राहते. भयकथेतले निदान रुग्णाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहते. ज्या लेखकाला स्किझोफ्रेनिया आणि दुभंग व्यक्तिमत्त्व एकच वाटते (अशा लेखकांची कमतरता नाही) त्याने जागृतीचे नाव न घेतलेले बरे.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे: भुताच्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते, आणि अंधश्रद्धेने माणसे मरतात. माणसे मरतात हे खरेच आहे. 20 जून 2022 रोजी सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावात दोन भावांच्या घरांत मिळून नऊ मृतदेह सापडले. एक भाऊ शिक्षक, दुसरा जनावरांचा डॉक्टर. चिठ्ठ्या सापडल्या, त्यांत सावकारांची नावे होती; कर्जापायी सामूहिक आत्महत्या असे आधी मानले गेले, सावकारांवर गुन्हेही दाखल झाले. आठवडाभरात पोलिसांनी वेगळीच गोष्ट मांडली: गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या माणसाने विष देऊन नऊ जणांना मारले, असा आरोप करत त्यांनी सोलापुरातून दोघांना अटक केली. बातमी आली तेव्हा सोलापुरात लोक काही दिवस दुसऱ्या विषयावर बोलतच नव्हते.

पण या प्रकरणात ‘मन दाखवा’चा सल्ला लावून पाहा. घरातले कोण मनोरुग्ण होते? कोणीच नाही. शिकलेली, नोकरी-व्यवसाय करणारी, गावात मान असलेली माणसे होती. पोलीस सांगतात ते खरे धरले, तर भय एका बिघडलेल्या मेंदूत नव्हते. ते विश्वासात होते, पैशाच्या आशेत होते, एकाने धरलेली आशा दुसऱ्याने न प्रश्न विचारता उचलून धरण्यात होते. दिल्लीत बुरारीला 1 जुलै 2018 रोजी एका घरात अकरा जण मृत सापडले, तिथेही तेच. वह्यांमध्ये मृत वडिलांच्या आवाजातल्या सूचना लिहिलेल्या होत्या आणि सगळे घर त्या पाळत होते, दुकाने चालवत, साखरपुडा करत. तज्ज्ञांनी केलेल्या मानसशास्त्रीय शवविच्छेदनाचा निष्कर्ष असा की त्यांना मरायचे नव्हते, विधी फसला. त्यातल्या एकालाच वेडा ठरवून बाकी दहा जणांना बाजूला काढले, तर गोष्ट सोपी होते आणि खोटीही.

म्हैसाळच्या चार वर्षे आधी ‘तुंबाड’ (2018) येऊन गेला होता. राही अनिल बर्वे यांनी त्याचे मूळ नारायण धारपांच्या एका कथेत असल्याचे सांगितले आहे. त्यात राक्षस आहे, चक्क तोंडाला पीठ लावलेला राक्षस. मनोविकारतज्ज्ञ नाही. तरीही गुप्तधनाने घर कसे पोखरते, बाप मुलाला लोभ कसा शिकवतो, पोराला कंबरेला दोर बांधून विहिरीत कसा उतरवतो, हे त्या राक्षसामुळेच इतके स्पष्ट दिसते. 1918 ते 1947 इतका काळ घेऊन चित्रपट दाखवतो की लोभ हा वारशाने मिळणारा ऐवज आहे. त्याला अंधश्रद्धा पसरवणारा म्हणायचे असेल तर म्हणावे; गुप्तधनाच्या मोहाविरुद्ध इतके परिणामकारक दुसरे काही पडद्यावर आलेले नाही.

‘लपाछपी’चेही (2017) तेच. विशाल फुरियांच्या या चित्रपटात उसाच्या फडात एकटे घर आहे, गरोदर पूजा सावंत आहे, प्रेमळ दिसणाऱ्या उषा नाईक आहेत आणि लपंडाव खेळणारी मुले आहेत. भुते आहेत, आणि ती खरी आहेत. त्यांचा माग काढत गेले की मुलगी नको असलेल्या घराण्यापाशी पोहोचायला होते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या, बीडमध्ये 807. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या चार महिने आधी, मार्च 2017 मध्ये, पुरलेले 19 भ्रूण सापडले होते, तेही म्हैसाळमध्येच. (गावाचा त्यात दोष नाही, एकाच गावाचे नाव दोनदा यावे हा दुर्दैवी योगायोग.) नायिकेला शेवटी भ्रमिष्ट ठरवून हा चित्रपट ‘शास्त्रीय’ करता आला असता. मग त्या हजारामागच्या आकड्याला जबाबदार कोणीच राहिले नसते.

भूत असावेच असा हा आग्रह नाही. मराठीतले कौटुंबिक भय भुताविना उभे करणारे दोन मोठे दाखले आहेत आणि दोन्ही वर सांगितलेला दंडक पाळतात. जयवंत दळवींचे ‘बॅरिस्टर’ 1977 साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. विक्रम गोखले त्यात बॅरिस्टर होते. घराण्यात वेड आहे आणि ते आपल्यालाही गाठणार, ही धास्ती त्या माणसाला आतून कुरतडते. पण नाटक त्याला प्रयोगशाळेतल्या नमुन्यासारखे मांडत नाही. शेजारी सोवळ्या केलेल्या मावशी आहेत, विधवा झालेली राधा आहे, केशवपनासाठी वस्तरा धरलेली रूढी आहे. वेड कुठे संपते आणि घराचा रिवाज कुठे सुरू होतो हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. पुढे याच गोखल्यांना ‘भूल भुलैया’त मंत्र म्हणणाऱ्या आचार्यांची भूमिका मिळाली. हिंदी सिनेमाचा विनोद कधीकधी असा कोरडा असतो.

दुसरा दाखला रत्नाकर मतकरींचा. गूढकथेचे नाव निघाले की त्यांचे नाव निघते, आणि अंधश्रद्धेचा आक्षेप घेणाऱ्यांना त्यांच्यापाशी थोडे अडखळायला होते, कारण नर्मदा आंदोलनाच्या बाजूने उभा राहणारा आणि झोपडवस्तीतल्या मुलांचे नाटक बसवणारा हाच माणूस. त्यांच्या ‘इन्व्हेस्टमेंट’ला 2012 चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात ना भूत आहे ना मनोविकार. महत्त्वाकांक्षी आईबापांच्या मुलाने भयंकर गुन्हा केला आहे आणि तो झाकायला सगळे घर व्यवस्थित, थंडपणे कामाला लागते. मुलाच्या सुप्त मनात काय होते हे मतकरी उकरत बसत नाहीत. जेवणाच्या टेबलावर काय बोलले जाते, तेवढे ऐकवतात. अंगावर काटा येतो.

‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेवर 2016 मध्ये अंधश्रद्धेचा आणि कोकणाच्या बदनामीचा आक्षेप आला, तो पहिल्या भागापुरता समजण्यासारखा होता. दिवे लुकलुकवून भाग लांबवणे हे लेखनकौशल्य नव्हे. पण 2019 मध्ये आलेला दुसरा भाग मागे गेला, अण्णा नाईक जिवंत असतानाच्या काळात, आणि अडचण मिटली. जिवंत अण्णा मेलेल्या अण्णांपेक्षा कितीतरी भीतिदायक निघाला. त्याचा ओसरीवरचा आवाज, माईंचे गप्प बसणे, घरातल्या प्रत्येकाने त्याच्या पावलांचा अंदाज घेत जगणे: वाडा झपाटतो तो असा, आणि तो झपाटायला अमावास्या लागत नाही.

कायद्याचा दाखला देऊन भयकथेला गप्प करणाऱ्यांनी तो कायदा वाचावा. दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची अनुसूची काय सांगते? भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरीने वा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे. चमत्कार करतो म्हणून फसवणे. साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे. सगळ्या कृती आहेत, आणि त्यांतल्या कित्येक घराच्या उंबऱ्याच्या आत, घरच्यांच्या संमतीने होतात. भुताची गोष्ट सांगणारा त्या अनुसूचीत नाही. बाईला साखळीने बांधू देणारे घर आहे.

राहिला शेवटचा आक्षेप: वाचकाला उलगडा लागतो. लागतो खरा, पण न मिळाल्याने तो वाचायचे सोडत नाही. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (1898) भुते खरी की शिक्षिकेचा भ्रम, यावर कित्येक दशके भांडण चालू आहे आणि पुस्तक छापले जाते आहे. शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’ या नाटकात बायकोच्या तोंडून दुसरीच बाई बोलू लागते तेव्हा प्रेक्षक भुताच्या खरेपणावर वाद घालतात, आणि त्या वादात नवऱ्याचा जुना हिशेब बाहेर येतो. रिमा लागूंनी ती भूमिका गाजवली ती या दुहेरीपणामुळेच.

तेव्हा ‘मन दाखवा’ म्हणणाऱ्यांना उलटा प्रश्न विचारायला हरकत नाही: कोणाचे? अंगात येते ती सून, भुंकते ती मुलगी, दगड मारते ते पोर. त्यांची मने आजवर पुष्कळ उसवून झाली. त्याच घरात सासरे आहेत, दुकानाच्या चाव्या आणि घराची कागदपत्रे त्यांच्याकडे आहेत. देवऋषीला बोलवायचे की डॉक्टरला हे तेच ठरवतात, आणि दोघांच्याही समोर खुर्चीत तेच बसतात. त्यांच्या सुप्त मनात काय आहे, यावर आपल्या लेखकांची लेखणी फारच थोड्या वेळा फिरली आहे.